फोटो गेलेले नाहीत

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुमचा आवाज फार खाली गेला होता. "माझ्यामुळे सगळे फोटो गेले," असं तुम्ही दोनदा म्हणालात. ते गेलेले नाहीत. कॉम्प्युटरचा पासवर्ड विसरला म्हणून फायली पुसल्या जात नाहीत, त्या डिस्कवर जिथल्या तिथे आहेत. कुणी "फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकतो" म्हणालं, तर मात्र कॉम्प्युटरला हात लावू देऊ नका. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसणं, फोटो जातील ते तसे.

कॉम्प्युटरला पासवर्ड माहीत असतो तर तो सांगत का नाही, असं विचारलंत. त्यालाही तो माहीत नसतो. पासवर्डवरून गणिताने काढलेला एक ठसा तेवढा तो जपतो आणि आपण टाइप केलेल्याचा ठसा त्याच्याशी जुळतो का ते बघतो. त्या ठशावरून मूळ शब्द उलगडता येत नाही.

तुम्ही मराठीत टाइप करता, म्हणून मला आधी कीबोर्डचीच शंका येते. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजवीकडे भाषा दिसते, ती इंग्रजी करा. कॅप्स लॉक बंद आहे ना, तेही बघा. पासवर्ड लिहून झाला की शेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबून धरा, लिहिलेली अक्षरं दिसतील.

तरी उघडलं नाही, तर पासवर्डच्या चौकटीखाली 'रीसेट पासवर्ड' येईल. खातं बनवताना आपण 3 प्रश्नांची उत्तरं भरली होती, तीच तिथे विचारतील. स्पेलिंग तेव्हाचंच हवं. तुमचं खातं त्या कॉम्प्युटरपुरतं आहे, ईमेलला जोडलेलं नाही, त्यामुळे मोबाइलवरून हे होणार नाही.

उत्तरंही आठवली नाहीत, तर आई, तू आहेस. तुझं खातं मी मुद्दाम ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे इतरांची खातीही बदलता येतील असं, ठेवलं होतं आणि तुझा पासवर्ड तुला पाठ आहे. तू तुझ्या खात्यातून आत जा. कंट्रोल पॅनेलमध्ये यूजर अकाउंट्स, मग 'मॅनेज अनदर अकाउंट', तिथे बाबांचं नाव आणि 'चेंज द पासवर्ड'. जुना पासवर्ड विचारत नाही. एक इशारा येईल, तो वाचून घाबरू नकोस. बाबांच्या खात्यात साठवलेले वेबसाइटचे पासवर्ड जातील, ते पुन्हा भरता येतात. विंडोजने एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेल्या फायली मात्र अशाने कायमच्या बंद होतात, पण बाबांनी तसं काही केलेलं नाही. फोटोंना धक्का लागणार नाही.

नवा पासवर्ड वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा. बाबा, त्यात कमीपणा नाही. मीही माझे लिहूनच ठेवते.

रविवारी सकाळी मी फोन करते. तिघं मिळून करू. तोवर कॉम्प्युटर बंदच राहू दे.

तुमची लेक