अंकमालिकेत ३१ चूक कसं?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

माझी धाकटी बहीण पोलीस भरतीची तयारी करते, विडी घरकुलातनं रोज क्लासला येते. परवा सराव पेपरला १, २, ४, ८, १६ पुढं काय असं आलं, हिनं ३१ लिहिलं आणि सरांनी थेट काट मारली, म्हणे दुप्पट होत जातंय, ३२ पाहिजे. पोरगी रात्री जेवली नाही.

मग वही घेऊन बसलो. तिनं शेजारच्या आकड्यांची वजाबाकी केलेली, १, २, ४, ८, त्याची परत १, २, ४, मग १, २ आणि शेवटी १. तो १ तसाच धरून उलटं वर बेरीज करत आलं की ३, ७, १५ आणि मग ३१! ही पद्धत क्लासमधेच शिकवलेली. आणि हे नुसतं जुळवलेलं पण नाही, ताट पालथं ठेवून गोल काढला, कडेवर ६ टिंबं, प्रत्येक टिंब बाकी सगळ्यांना जोडलं, मधे एका जागी तीन रेघा येऊ दिल्या नाहीत, तर भाग ३१च पडतात, दोनदा मोजले. ५ टिंबांना १६, ४ ला ८.

परीक्षेत सोपा नियम आधी बघायचा हे मान्य, ३२ ला मार्क द्या की. पण पेपर काढणाऱ्यांनी पर्यायात ३१ आणि ३२ दोन्ही ठेवू नयेत, आणि क्लासवाल्यांनी काट मारायच्या आधी पोराला एकदा तरी विचारावं, बाळा हे कसं काढलंस.

आपला,
एक वाचक, सोलापूर