घरात मराठी बंद करा म्हणणारे कोण?

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतला 'तीन कोटी शब्द' हा लेख वाचून रात्रभर चैन पडलं नाही. गरीब घरांतल्या लहान मुलांच्या कानावर सुखवस्तू घरांतल्या मुलांपेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात, असा हिशेब मांडला, इथवर ठीक. पण शेवटी 'म्हणून घरात इंग्रजी वाढवा' हा सल्ला कुठून आला? हा आकडा ज्यांचा, त्या बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली या संशोधकांनी अमेरिकेत कॅन्ससमधल्या ४२ घरांत महिन्यातून एकदा, तासभर बसून नोंदी केल्या. त्यांत सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं फक्त ६. त्या तासांना गुणून हा आकडा निघाला. आणि ते आईबाप मुलांशी आपल्या घरच्याच भाषेत बोलत होते. ती सोडा, असं त्या अभ्यासातून कुठे निघतं?

हा सल्ला आमच्या घराने भोगला आहे. नात साडेतीन वर्षांची असताना नर्सरीतल्या बाईंनी पालकसभेत सांगितलं, "घरी मराठी बंद करा, तरच ती इंग्रजी बोलेल." सुनेने मनावर घेतलं. सून हुशार आहे, पण इंग्रजी तिला कामापुरतं येतं. मग पोरीशी बोलणं उरलं ते कम, सिट, ईट आणि डोन्ट टच. हीच सून आधी सांभार (कोथिंबीर) निवडताना तिच्याशी तासभर बोलायची. "आई, मुळी पांढरी काऊन?" (काऊन म्हणजे का) असं पोरीने विचारलं की गोष्ट मातीपासून पावसापर्यंत जायची. ते सगळं थांबलं. मलाही ताकीद होती. 'पोट्टी' (मुलगी) म्हटलं तरी सुनेचा चेहरा उतरायचा. आदल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, आमची पोर बोबड्या बोलात झडती (पोळ्याचं गाणं) म्हणून आली होती. त्या वर्षी मात्र लाकडी बैलाची दोरी धरून नुसती उभी राहिली. बाकीची पोरं झडत्या म्हणत होती आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तो चेहरा मी विसरू शकत नाही.

मी ३१ वर्षं पहिलीला शिकवलं. ज्या पोराशी घरी भरपूर बोलणं होतं, त्याला 'वि' वाचला की 'विहीर' सुचते. कधीच न ऐकलेला शब्द पोरं अक्षर अक्षर लावून वाचतात, पण अर्थ लागत नाही. रेचल रोमिओ या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शब्द किती ऐकले यापेक्षा मोठ्यांशी आळीपाळीने बोलणं किती वेळा झालं, याचा मेंदूतल्या भाषेच्या कामाशी संबंध दिसला, मग घरची मिळकत कितीही असो. आपल्या लेखात याची एक ओळ नाही. आळीपाळीने बोलायचं तर दोघांना येणारी भाषा नको का?

कान तर त्याआधीच घडतो. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या 'त' आणि 'ट' मधला फरक कळतो, पण वर्षाची होईतो तो बहुतेकांचा जातो. म्हणजे घरची भाषा बाळाच्या कानात पाळण्यातच बसते, आणि आपण ती साडेतिसऱ्या वर्षी उपटायला निघतो!

दिवाळीनंतर मी घरात भांडले आणि मराठी पुन्हा सुरू केली. महिन्याभराने 'काऊन' परत आलं. आता ती पहिलीत आहे, मराठी वाचते आणि शाळेत इंग्रजीही बोलते.

जाता जाता आणखी एक. रविवारचं बालपान आपण अर्ध्यावर आणलं आणि उरलेल्या जागेत नर्सरी प्रवेशाच्या जाहिराती छापता. गोष्ट उरते तीही फिकट पिवळ्या रंगावर पांढऱ्या बारीक अक्षरांत. नात बोट ठेवून वाचायला बसते आणि दोन ओळींत पान माझ्याकडे देते. निदान ती अक्षरं मोठी आणि काळी छापा.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सक्करदरा, नागपूर