दिल्या, ते भरीत नव्हतं

चोपडा, रविवार दुपार

प्रिय दिल्या,

पत्र पाहून हसशील. खिशात फोन असताना हा मास्तर कागद का काळे करतोय? तर भो, फोनवर तू मला मधेच थांबवतोस, आणि हे मला एकदा सलग बोलायचं आहे. दिवाळीलाही फोन केला नाही, त्याबद्दलच्या शिव्या नंतर घाल.

तब्येत बरी आहे. हर्नियाचं ऑपरेशन राहिलं, त्याऐवजी छातीत एक स्टेंट बसली. सोमवारपासून शाळेत जाईन. झालं.

झालं असं, की हर्नियासाठी फिटनेसचा कागद हवा म्हणून जळगावला गेलो. ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले, "सर, अटॅक कधी येऊन गेला?" मी विचारलं, "कोणाला?" खरंच वाटलं, दुसऱ्याचा कागद आला. पुन्हा काढला, तरी तेच. मग एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. हृदयाच्या खालच्या भिंतीचा एक तुकडा नीट हलतच नाही, पंपिंग 42 टक्के. ते 55 च्या आसपास किंवा वर हवं. म्हणजे अटॅक आला, गेला, मागे वण ठेवून गेला आणि घरमालकाला पत्ता नाही.

तेव्हापासून मी त्याची तारीख शोधतोय. मनुदेवीच्या वाटेवर दम लागून खाली बसलो होतो, तो दिवस? का मार्चमध्ये दहावीच्या पेपरला सुपरव्हिजन करताना शर्ट घामानं पार भिजला होता, तो? एका पोरानं स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली, तर मी तिचं लेबल उलटून पाहिलं, आत कॉपी असेल म्हणून! छातीत मात्र दुखलं नाही. एकदाही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, शुगर किती वर्षं? नऊ. गोळ्या नियमित? मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग ते म्हणाले, शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा झिजतात. पायाच्या झिजतात तशा हृदयाकडून दुखण्याचा निरोप नेणाऱ्याही झिजतात. मग अटॅकमध्ये कळ येतेच असं नाही. नुसता घाम येतो, दम लागतो, मळमळतं, पोटाच्या वरच्या बाजूला जळजळतं.

पायाचं नाव निघालं आणि मला आबा आठवले. त्यांच्या चपलेतून खिळा आरपार गेला होता. ते शेतातून गावापर्यंत तसेच चालत आले, आणि ओट्यावर रक्त पहिल्यांदा तूच पाहिलंस. आपण त्यांना 'लोखंडी आबा' म्हणायला लागलो. पुढे धुळ्याला अंगठा काढला तरी आपल्याला ती मर्दुमकीच वाटायची.

आणि पोटाच्या वरच्या बाजूला जळजळ म्हटल्यावर मला काय आठवलं असेल, ते तुला सांगायला नको.

डिसेंबर 1998. आमच्या मळ्यात भरीत पार्टी. कपाशीच्या काड्यांवर वांगी तू भाजलीस, मिरच्या तू मोजल्यास (मोजल्या नाहीस, ओतल्यास). रात्री नाना उठून बसले. "काही व्हयनं नही रे, भरीत बाधनं." घामानं बनियन चिंब होतं, तेही थंडीच्या दिवसांत. आईनं ओवा दिला, सोडा दिला, पाठ चोळली. तू राजदूत मोटरसायकल काढलीस तर तेच म्हणाले, "डॉक्टरले कसाले तरास?" पहाटे गेले. वय 51, शुगर 14 वर्षांची. सगळ्या गावानं भरितावर शिक्का मारला आणि आपण दोघांनीही तो मानला.

भरीत नव्हतं, दिल्या. नानांना माझ्यासारखाच, न दुखणारा अटॅक होता. मी डॉक्टरांना ती सगळी रात्र सांगितली. ते म्हणाले, ईसीजीशिवाय शपथेवर सांगता येणार नाही, पण मला वेगळं काही वाटत नाही. नंतर वाचनात आलं, की त्याच 1998 साली फिनलंडमधल्या लोकांचा एक अभ्यास छापून आला होता. आधी कधी अटॅक न आलेला मधुमेही आणि एकदा अटॅक येऊन गेलेला बिनशुगरचा माणूस, दोघांचा पुढचा धोका जवळपास सारखाच निघाला. नंतरच्या अभ्यासांत ते सगळ्याच मधुमेहींना इतकं सरसकट लागू पडलं नाही, पण मी वाचलं ते रात्री दीड वाजता, आणि मग झोप कुठली.

आता धरणगाव रोडवरच्या त्या ढाब्याचं. जमीन विकण्यावरून तू मला शहाणपण शिकवत होतास (बरोबरच शिकवत होतास, ती विकायला नको होती) आणि मी म्हणालो, "तू बोलू नको, तुझ्या भरितानं माझा बाप गेला." तू शेवभाजीचं ताट सरकवलंस, हात धुतलास, बिल दिलंस. 340 रुपये. नंतर आपण बोलायला लागलो, लग्नाकार्यात भेटलो, पण तू पुन्हा वांग्याला हात लावला नाहीस हे मी पाहिलंय. वहिनींनी एकदा विचारलंही होतं मला, यांना वांगं का चालत नाही. मी म्हटलं, पित्त. ते वाक्य मी आज मागे घेतो. चौदा वर्षं उशिरा. ते 340 पण माझ्याकडे लागू.

माझ्या भावाचा, बापूचा मात्र वेगळाच ताप आहे. बाप 55 च्या आत हृदयानं गेला तर मुलांनी लवकर तपासून घ्यावं, असं सगळे डॉक्टर सांगतात. पण हा म्हणतो, "माझं वजन बघ, मी काडीपैलवान, मला काय होतंय?" पोटावर हात फिरवतच म्हणतो. मी त्याला तुझ्या पुण्यातल्या केईएमच्या डॉ. याज्ञिकांचा फोटो दाखवला. 2004 साली त्यांनी स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) 22.3, पण अंगातली चरबी साहेबाची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपण भारतीय वरून बारीक आणि आतून चरबीवाले. बापू म्हणाला, "फोटो छान आहे." आता आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तो आमरसाच्या वाट्या मोजतो का बघू. आमच्या पोराची, ओमची शुगर तपासली, 19 वर्षांचा आहे, नॉर्मल आली. तरी रात्री तो जिन्यावर धापा टाकतोय का, ते मी ऐकत बसतो. धावत चढतो म्हणून धापा टाकतो, कळतं मला.

तेजूचं ॲडमिशन झालं का? वहिनींची बदली? तुझा गुडघा? सगळं फोनवर सांग. तुझ्याही आईला शुगर आहे, त्यामुळे तूही एकदा तपासून घे.

पत्र लिहायचं खरं कारण आता. आईला हे सांगितलेलं नाही. परवा सांगायला बसलो होतो. ती गहू निवडत होती, आणि नानांचा विषय निघाल्यावर सवयीनं म्हणाली, "भरीत बाधनं त्यासले." मग थांबून म्हणाली, "ओवा दिधा व्हता मी." एवढंच. पुन्हा गहू निवडायला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला भो. भरीत नसेल, तर मग रात्रभर ओवा आणि सोडा कोणी दिला? राजदूत दारात उभी असताना पाठ कोण चोळत बसलं? तिचं काही चुकलं नाही, तिला काय माहीत. पण तिला ते पटवता येणार आहे का? ती 74 वर्षांची आहे. सत्तावीस वर्षं ती त्या भरितावर टेकून उभी आहे, आणि ते मी तिच्या हातातून कसं काढून घेऊ?

म्हणून तुझ्याकडे उलटंच मागतोय. तुझ्या-माझ्यात तू सुटलास. पण चंपाषष्ठीला येशील तेव्हा आई नेहमीसारखं म्हणेल, "दिल्या, मिरच्या जास्ती टाक्या व्हत्या तू." तू मान खाली घाल आणि "हो काकू" म्हण. नेहमी म्हणतोस तसंच.

वांगी मी आणतो. भाजायची तू.

तुझा,
संज्या