वैशूला, त्या बाटलीबद्दल

ठाणे

प्रिय वैशू,

फोटो मिळाला. बाटली, शेजारी चपटा ब्रश आणि खाली तुझा निरोप: "रविवारी घरी कोणी नाही, उरकून टाकते." डाग घालवायला चेहऱ्याला आम्ल लावून वरची साल काढायची, म्हणजे पील करायचा, तोही घरी एकटीने, आणि उरकून टाकते म्हणे! फोनवर सांगायला गेलं की तू "हो गं, हो गं" करतेस आणि माझं एकही वाक्य पुरं होत नाही, म्हणून हे लांबलचक लिहितेय. निदान कागदाला मध्येच तोडता येत नाही. इकडे सगळे ठीक, माझी पाठ नेहमीसारखीच. झालं माझं पुराण.

लेबल मोठं करून वाचलं. टीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड, २५ टक्के, ३० मिली. उत्पादकाचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही. तुझा हिशोब असा की "लोक ग्लायकॉलिक ३० टक्के लावतात, हे तर पंचवीसच आहे." वैशू, दोन वेगळ्या आम्लांचे टक्के असे शेजारी ठेवून चालत नाही. ग्लायकॉलिक वरच्या मेलेल्या पेशींना धरून ठेवणारे दुवे सैल करतं, म्हणून त्या सुटतात. टीसीए दुवे वगैरे बघत नाही. ते पेशीतली प्रथिनंच गोठवतं, तव्यावर अंड्याचा पांढरा भाग गोठतो तसं. तो पांढरेपणा चेहऱ्यावर उमटतो, त्याला फ्रॉस्टिंग म्हणतात, आणि डॉक्टर त्यावरून किती खोल गेलं ते ओळखतात. गुलाबी कातडीवर विरळ पांढरे ठिपके म्हणजे वरवर. सलग पांढरं पण खालून गुलाबी झाक म्हणजे आणखी खाली. गुलाबी पार गेलं आणि घट्ट पांढरं झालं की खोल. हे सगळं एक-दोन मिनिटांत घडतं, आणि तू ते बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात, एका डोळ्याने, आरशात बघणार.

शिवाय ग्लायकॉलिक नको वाटलं तर धुऊन काढता येतं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने मारता येतं. टीसीएला तसा उतारा नाही. ते कातडीतल्या प्रथिनांशी भिडूनच संपतं. वरून पाणी मारलंस तर जळजळ कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. प्रत्येक हात आधीच्या हातावर चढतो. आधी स्पिरिटने तेल काढलंस तर तेच २५ टक्के जास्त खोल जातं. ब्रश जास्त भिजला तरी तेच. आणि बाटली उघडी राहिली की तोंडाशी पांढरे खडे जमतात. ते जवळजवळ निखळ आम्ल असतं, ब्रशला लागलं तर तेवढ्या जागी पंचवीस टक्के राहत नाहीत.

एक गोष्ट त्या व्हिडिओवाल्या बायका कधी सांगत नाहीत. झोंबल्यावर डोळ्यांतून पाणी येतं. ते गालावरून ओघळतं, वाटेतलं आम्ल घेऊन मानेपर्यंत जातं आणि मानेवर भाजल्याची रेघ उमटते. मानेची कातडी चेहऱ्यापेक्षा उशिरा भरते. दवाखान्यात एक जण फक्त कोरडा बोळा घेऊन ते पाणी टिपायला उभा असतो. आणि वाटी कधी चेहऱ्यावरून पलीकडे नेत नाहीत, थेंब डोळ्यात पडेल म्हणून. रविवारी तुझ्या घरी हे कोण करणार? मोती?

मी उगाच घाबरवत नाहीये. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियंत्रण खात्याने, २०२४ मध्ये याच प्रकाराबद्दल लोकांना सावध केलं आहे: टीसीए, ग्लायकॉलिक, सॅलिसिलिक, लॅक्टिक यांचे तीव्र पील तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय घेऊ नका आणि लावू नका, रासायनिक भाजणं होतं, कायमचे व्रण राहू शकतात.

आता आपल्या कातडीचं. फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरने १९७५ मध्ये उन्हाला कातडी कशी वागते त्यावरून प्रकार पाडले. पुढे ते सहा झाले, पहिला सगळ्यात गोरा, सहावा सगळ्यात काळा. आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यात. आपल्याला उन्हाने लवकर फोड येत नाहीत, पण कुठेही दाह झाला, भाजलं, खरचटलं, डास चावला, की तिथे तपकिरी डाग राहतो. गोरी बाई भाजली तर लाल होते आणि बहुतेक वेळा पंधरा दिवसांत विसरते. आपण भाजलो तर लाल उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी खरा डाग वर येतो आणि महिनोन् महिने ठाण मांडून बसतो. म्हणजे डाग घालवायला जाऊन मोठा डाग. नीलूच्या घरचं लग्न मार्गशीर्षात आहे, तेव्हा तुझा चेहरा नेमका कुठल्या टप्प्यावर असेल याचा हिशोब कर.

आणि हे सगळं नीलूसाठी चाललंय हे मला कळत नाही असं समजू नकोस. गॅदरिंगच्या दिवशी ती जे बोलली ते तू अजून गालावर वागवतेस. तिला स्वतःला आठवतसुद्धा नसेल. बरं, तो विषय नको, मागच्या वेळी यावरून दोन महिने बोलली नव्हतीस.

तुझा तो उजेडातला फोटो नीट पाहिला. सगळ्याला तू "डाग" म्हणतेस, पण मला चार वेगळ्या गोष्टी दिसतात. गालफडांवर दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला तपकिरी पट्टा, थोडा वरच्या ओठावर, तो वांग असावा. वांगाला ऊन, उष्णता आणि हार्मोन्स चालवतात. तुझ्या हार्मोन्सच्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांग. पील त्याला दुय्यम. सनस्क्रीन नसेल तर महिन्याभरात तिथेच परत. हनुवटीवरचे ठिपके पुटकुळ्यांमागे राहिलेले, ते सावकाश का होईना स्वतःच फिके होतात, सौम्य पीलने थोडे लवकर. गालावरचे खड्डे सौम्य पीलने भरत नाहीत, कोणी काहीही सांगो. आणि मानेमागचा मखमली काळेपणा घासू नकोस, त्याला आम्ल लावू नकोस. तो मळ नाही. तिथे बहुधा इन्सुलिनचं काम बिनसलेलं असतं. उपाशीपोटी साखर तपासून घे. काकांना मधुमेह होता ना?

आता न रागावता सांग: ती पांढरी ट्यूब किती महिने लावतेयस? ज्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन तिन्ही आहेत. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. सरकारने २०१८ मध्ये स्टेरॉइडची चौदा मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी काउंटरवरून मिळतातच. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, आणि अशा कातडीवर पील म्हणजे भाजणं ठरलेलंच. एकदम बंदही करू नकोस, चेहरा उसळून येतो. ट्यूब घेऊन डॉक्टरकडे जा. पाटीवर "कॉस्मेटॉलॉजिस्ट" आहे म्हणून भुलू नकोस, नावापुढे एमडी किंवा डीव्हीडी (त्वचारोगाची पदविका) असलेला त्वचारोगतज्ज्ञ बघ.

तू ऐकणार नाहीस आणि काहीतरी लावणारच, म्हणून डॉक्टरने ट्यूबचा निकाल लावल्यावर घरी काय चालेल ते लिहिते. १० टक्के मँडेलिक किंवा १० टक्के लॅक्टिक, पीएच साडेतीनच्या आसपास. पीएच म्हणजे आम्लपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं जहाल. मँडेलिकचा रेणू ग्लायकॉलिकच्या दुप्पट वजनाचा, म्हणून ते हळू शिरतं आणि आपल्या कातडीला सोसतं. लेबलवर पीएच नसेल तर घेऊच नकोस, कारण नुसत्या टक्क्यांना अर्थ नाही. ग्लायकॉलिकचंच बघ: पीएच ३.८ ला निम्मं आम्ल मोकळं, म्हणजे कातडीत शिरणारं असतं, २.८ ला नव्वद टक्के. टक्के तेच, चटका वेगळा. सॅलिसिलिक तुला नकोच, ते ॲस्पिरिनच्याच कुळातलं आणि ॲस्पिरिनने तुझं तोंड सुजतं. चिनूच्या नाकावरच्या काळ्या ठिपक्यांना मात्र २ टक्के चालेल, ते तेलात विरघळतं म्हणून भरलेल्या छिद्रात उतरतं.

आधी आठवडाभर रेटिनॉल, स्क्रब, थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच सगळं बंद. ओठावर तो नेहमीचा तापाचा फोड आला असेल तर तो पूर्ण बरा होईपर्यंत पील नाही. कानामागे थेंबभर लावून ४८ तास वाट बघ. काही झालं नाही तर संध्याकाळी, उद्या उन्हात जायचं नसेल अशा दिवशी, साध्या फेसवॉशने तोंड धू आणि दहा-पंधरा मिनिटं कोरडं होऊ दे. ओल्या कातडीत आम्ल जास्त शिरतं, बहुतेकींचं इथेच चुकतं. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांचे कोपरे व्हॅसलिनने झाक. एक-दीड मिली वाटीत काढ, गॉजचा तुकडा बुडवून पिळून घे, टपकता कामा नये. कपाळ, मग गाल, मग हनुवटी, शेवटी नाक. घासायचं नाही, एकच हात. मोबाइलवर टायमर लाव: पहिल्यांदा दोन मिनिटं, बस. पुढच्या खेपेला एक मिनिट वाढव, पाचाच्या पुढे जायचंच नाही. चुणचुण चालते. आग झाली, किंवा कुठे राखाडी-पांढरं दिसलं, की टायमर गेला खड्ड्यात, धू. गार वाहतं पाणी, भरपूर, सगळी चुणचुण थांबेपर्यंत. जास्तच वाटलं तर १०० मिली पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा, पण डोळ्यात गेलं तर सोडा नाही, फक्त नळाचं पाणी, वीस मिनिटं, आणि तसंच डॉक्टरकडे.

नंतर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. आठवडाभर व्हिटॅमिन सी नाही, रेटिनॉल नाही, लिंबू-बेसन तर अजिबात नाही. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, वर उन्हात गेलीस तर त्यातल्या द्रव्यांनी वेगळेच चट्टे. साल सुटायला लागली की नखाने ओढू नकोस, ज्या जागी ओढशील तिथे डाग. तुझी ती खपल्या काढायची सवय मला शाळेपासून माहीत आहे. पुढचा पील दोन आठवड्यांनी, त्याआधी नाही. लग्नाआधीचे तीन आठवडे काहीच नाही. पाच-सहा वेळा करून फरक नाही पडला तर टक्के वाढवायचे नाहीत, थांबायचं.

सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीएवढं, चेहरा आणि मान मिळून. एसपीएफ ३० च्या वर, दर तीन तासांनी परत, घरात खिडकीशी बसत असलीस तरी. वांगासाठी रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं घे. दिसणाऱ्या उजेडानेही वांग वाढतं आणि बिनरंगाचं सनस्क्रीन तो अडवत नाही. दोन दिवस भाकऱ्या थापायला दुसऱ्या कोणाला तरी बसव. गॅसची धग तोंडावर घेत तासभर उभं राहणं वांगाला उन्हासारखंच.

तरीही काही बिघडलं, म्हणजे तिसऱ्या दिवशी दुखतंय, पाणी सुटतंय, पिवळी खपली धरतेय, तर हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नाही. पातळ व्हॅसलिन आणि त्याच दिवशी डॉक्टर. डाग उमटायच्या आधी गेलं तर दाह थांबवता येतो, नंतर फक्त वाट बघायची.

ती बाटली बेसिनमध्ये ओतू नकोस. हातमोजे आणि चष्मा घाल, गॅलरीत प्लॅस्टिकच्या बादलीत अर्धी बादली पाणी, त्यात खाण्याचा सोडा चार-पाच चमचे, मग बाटलीतलं आम्ल हळूहळू त्यात ओत. फेस येईल, थांबला की भरपूर पाण्यासोबत सोडून दे. आणि लक्षात ठेव, आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही. यावर अकरावीच्या प्रयोगशाळेत तू जी हुज्जत घातलीस तिचा निकाल अजून माझ्याच बाजूने आहे, सरांचं काहीही म्हणणं असो.

आईंचा गुडघा कसा आहे? ओंकारचं पुण्याचं काय झालं? भाड्याचं घर बघताना पार्किंग लिहून घ्या म्हणावं. तू नोकरी सोडणार होतीस ते सोडलीस की नुसतीच धमकी? सविस्तर लिही, फोनवर सांगू नकोस.

सनस्क्रीनचं पाठवते दोन पर्याय, किमतीसकट. रविवारी दुपारी बारा वाजता मी फोन करणार आहे. उचलला नाहीस तर शेजारच्या वहिनींना करीन.

तुझी,
मनी

ता. क. साखरेच्या तपासणीला जाताना रात्री दहानंतर काही खाऊ नकोस. चहासुद्धा नाही. तुझा "बिनसाखरेचा होता" हा बचाव चालणार नाही.