शेवंतीची सुनीता होताना

वेळणेश्वर, ता. गुहागर
15 जानेवारी 2026

प्रिय तात्या,

तिळगूळ घे, गोड बोल. काल संक्रांत झाली, आज आर्मी डे. पलटणीत असतो तर रात्री बडाखाना असता. इथे आपली कुळथाची पिठी आणि भात.

तुझे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत, राग धरू नकोस. मोर्टार प्लाटूनने तुझा डावा कान केव्हाच खाल्लाय. फोनवर सांगितलं असतं तर अर्धं गळलं असतं आणि उरलेलं तू भलत्याच कोणाला सांगितलं असतंस. म्हणून लिहितो. बैठक मारून वाच.

चैत्रात आमच्या शेजारच्या वाडीतला एक फौजी गेला. दुसऱ्या रेजिमेंटचा, तू ओळखत नाहीस. तेराव्याला गेलो तर त्याची बायको ओटीवर कागदांचा पसारा मांडून बसलेली. पेन्शन बंद झाली होती, फॅमिली पेन्शन सुरू होत नव्हती. का, तर पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या हुकमावर, नाव इंदू आणि आधारवर इंदिरा. बँक म्हणते रेकॉर्ड ऑफिसला लिहा, रेकॉर्ड ऑफिस म्हणतं पुरावा पाठवा, आणि पुरावा देणारा तर फोटोत हार घालून बसलेला. गणपती आले आणि गेले तरी त्या बाईच्या खात्यात एक रुपया आला नव्हता. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, त्याचीच बायको आपण आहोत हे तिने आता कोणाकोणाला पटवायचं?

घरी आलो आणि काळी ट्रंक उघडली. डिस्चार्ज बुक बाहेर काढलं. वाळवी लागली नव्हती, पण झुरळांनी कोपरे खाल्लेले. फॅमिलीच्या पानावर बोट ठेवलं आणि ठेवलेलंच राहिलं. बायकोचं नाव: शेवंती.

तात्या, आमच्या घरात शेवंती नावाची कोणी बाई नाही. जी आहे तिचं नाव सुनीता. म्हणजे आहे तीच, पण ते कसं ते सांगतो. लग्नात आमच्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. मी सुनीता लिहिलं होतं. ते नाव मला कसं सुचलं ते तुला माहीत आहे, इथे लिहीत नाही, पत्र तीही वाचते. माहेरची ती शेवंती. लग्न मे 1986 चं. रजा संपवून परत आलो तो लग्नाच्या दाखल्याशिवाय. आबांनी मागाहून दाखला काढून पोस्टाने पाठवला, तो तिच्या माहेरच्या ग्रामपंचायतीतून. तिथल्या ग्रामसेवकाला सुनीता कोण ठाऊक? त्याने पोरीचं नाव लिहिलं.

तो दाखला माझ्या हातात पडला तेव्हा आपण राजस्थानात होतो, ब्रासटॅक्सच्या त्या मोठ्या युद्धसरावाच्या वेळी. आठवतंय ना, चहाच्या मगात वाळू, आणि क्लार्कच्या तंबूत टाइपरायटरवर कांबळं टाकून ठेवायचे ते? मी उभा राहिलो तर म्हणतो, "बीवी का नाम बोलो, जल्दी." मी दाखला पुढे केला. त्याने बघितला, ठोकला, पार्ट टू झाला, म्हणजे पलटणीच्या हुकमात नोंद लागली. आपलं सगळं आयुष्यच पार्ट टूवर चालायचं की रे. लग्न झालं, पार्ट टू. पोर झालं, पार्ट टू. "पार्ट टू हुआ क्या?" हे तर आपण रामराम म्हणावं तसं एकमेकांना विचारायचो. पण छापलेला पार्ट टू नीट वाचून बघावा, हे आपल्यापैकी किती जणांनी केलं? मी तरी नाही केलं. क्लार्कला दोष देत नाही. त्याच्यापुढे जो कागद होता तोच त्याने उतरवला.

तिथून ते नाव शीट रोलवर, म्हणजे रेकॉर्डातल्या नोकरीच्या कागदावर, गेलं, तिथून डिस्चार्ज बुकात, आणि 2002 ला घरी आलो तेव्हा पीपीओवर. त्यात इंग्रजी स्पेलिंगचं मधल्या मध्ये काय झालं देव जाणे. मुलाने मोबाइलवर फौजी पेन्शनचं स्पर्श पोर्टल उघडून दाखवलं, तर तिथे शेवंतीची सेवंती झालेली. म्हणजे एक बाई, तीन नावं. ईसीएचएसचं, माजी सैनिकांच्या औषधोपचाराचं, कार्ड काढलं असतं तर तेव्हाच उघडं पडलं असतं, पण तेव्हा मला वाटायचं आपल्याला काय होतंय.

मग धावपळ. ती सगळी सांगत बसत नाही. तवसाळला फेरीबोटीत बसायचं, जयगडला उतरायचं, तिथून रत्नागिरी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक निवृत्त सुभेदार भेटले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझे कागद बघितले आणि पहिला प्रश्न केला, "तुम्ही जिवंत आहात ना?" मी म्हटलं, "दिसतोय तरी तसा." "मग निम्मं काम झालं," म्हणाले. "पेन्शनर स्वतः अर्ज करतो तेव्हा गोष्ट सरळ असते. मागे राहिलेल्या बाईला प्रत्येक टेबलावर आपण कोण ते सिद्ध करावं लागतं." त्यांनीच अर्जाचा मसुदा करून दिला. त्याच्यासोबत डिस्चार्ज बुकाची आणि पीपीओची प्रत, दोघांचं आधार आणि पॅन, जोडीचा फोटो, मॅजिस्ट्रेटपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र, आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, एक मराठी, एक इंग्रजी. शेवंती आणि सुनीता या दोन्ही एकच व्यक्ती आहेत, असं. गावात जाहिरात वाचून एकाने विचारलं, "काय हो, दुसरी केलीत काय?"

जन्मतारखेचा घोळ वेगळाच. डिस्चार्ज बुकात तिची जन्मतारीख कोरी. आधारवर 1 जानेवारी 1967. ही तारीख कुठून आली? वर्ष तेवढं सांगितलं की मशीन 1 जानेवारी घालतं. सुभेदार म्हणाले, शाळेचा दाखला आणा. तिच्या माहेरच्या शाळेत गेलो. पट आता सात मुलांचा. गुरुजी तरुण, त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि जुनं जनरल रजिस्टर काढून ओट्यावर उन्हात ठेवलं. पानं एकमेकांना चिकटलेली. ते पोस्टकार्डाच्या कडेने एकेक पान सोडवत होते आणि ही शेजारी उभी राहून नावं वाचत होती. "ही चंद्रभागा, मुंबईला. हा वारला. ही माझ्या बाकावर बसायची." आणि मग बोट थांबलं. शेवंती, बापाचं नाव, शेती, जन्मतारीख 1 जून 1966. मी हसलो. तुझीही 1 जूनच ना? आपल्या पिढीत अर्धी पोरं 1 जूनलाच जन्मली, गुरुजींच्या सोयीने. पण रजिस्टरात आहे म्हणजे तीच खरी. आधी आधार दुरुस्त केलं, मग पुढचं.

सात महिन्यांचा फरक, त्याने काय बिघडतं, असं मलाही वाटलं होतं. सुभेदारांनी समजावलं: फॅमिली पेन्शनवाली बाई ऐंशीची झाली की वीस टक्के वाढ, पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास आणि शंभरीला दुप्पट. तारीखच कोरी असेल तर ऐंशी कधी झाली ते ठरवायचं कोणी? म्हणजे माझी बायको 2046 च्या जूनमध्ये ऐंशीची होणार. तोवर मी नसणार हे गृहीत धरून आम्ही दोघं तिथे हिशेब करत बसलो होतो, आणि ती मला शेंगदाण्याची पुडी देत होती.

आता जे सांगायला हे पत्र लिहिलं ते. प्रतिज्ञापत्रावर सह्या करायच्या दिवशी तिने कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"म्हणजे शेवंती खोडायची?"

मी म्हटलं, खोडायची नाही गं, दुरुस्त करायची.

"तेच ते," म्हणाली. मग जरा वेळाने, बाहेर बघत, "आई गेली. दादा पण गेला. मला शेवंती म्हणणारं आता कोण नाय उरलं. तुमची मिलिटरी तेवढी म्हणत होती."

तात्या, चोवीस वर्षं नोकरी केली, पण अशा वेळी काय बोलायचं ते कोणी शिकवलं नाही. माझ्या डोक्यात ती चूक होती. तिच्या हिशेबाने सरकारच्या दप्तरात तिचं माहेर शाबूत होतं, आणि ते पुसायला मीच तिला एसटीने घेऊन आलो होतो. वकिलाने घड्याळाकडे बघितलं. तिने सही केली. सौ. सुनीता, पुढे माझं नाव, पुढे आडनाव. नेहमीपेक्षा हळू.

बाहेर आल्यावर झेरॉक्सच्या दुकानात थांबली. डिस्चार्ज बुकाच्या त्या पानाची एक प्रत काढून घेतली, दोन रुपये स्वतःच्या बटव्यातून दिले. ती प्रत कुठे ठेवलीय ते मी विचारलेलं नाही.

मागच्या आठवड्यात नव्या पार्ट टूची प्रत आली. यावेळी अक्षर न् अक्षर वाचलं, मुलाकडून वाचून घेतलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसातून कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्तीचा, पीपीओ यायचा आहे, तो आला की स्पर्शवर सेवंतीची सुनीता होईल. इंदूवहिनींचंही मार्गी लागतंय, सुभेदारच बघतायत. पण तिला आणखी दोन जाहिराती, दोन साक्षीदार आणि पोलीस पाटलाचा दाखला लागला. मला यातलं काही लागलं नव्हतं.

तुझं बुक काढ. मी गेल्या खेपेला आलो होतो तेव्हा ते गव्हाच्या कणगीवर पडलेलं बघितलं होतं. वहिनींचं नाव काय लिहिलंय ते बघ आणि पानाचा फोटो पाठव, तोंडी सांगू नकोस. थोरल्या पोराच्या जन्माचा पार्ट टू झाला तेव्हा तू रजेवर होतास आणि माझ्याकडून तारीख सांगवली होतीस, तीही तपास. मी 14 सांगितली की 17, आता छातीठोक सांगवत नाही.

पण ट्रंक उघडायच्या आधी वहिनींना विचार, माहेरी त्यांना काय म्हणायचे.

मोहोर यंदा बरा आहे. पेटी पाठवतो, पैसे पाठवायचा आगाऊपणा करू नकोस.

तुझा,
खलाशी
(अजूनही पोहता येत नाही)