ॲप निवडण्याआधी त्याला मराठीत शोधायला लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोंदी, ब्लॉग आणि कामांच्या याद्या यांसाठीच्या ॲपची ओळख करून देणारे लेख पुरवण्यांत वरचेवर येतात. दिसायला कसे, मोफत किती, पैसे किती, एआय काय करते, हे सगळे त्यांत असते. मराठीत लिहिणाऱ्याला आधी हव्या असलेल्या दोन गोष्टी मात्र नसतात. लिहिलेले मराठीतून शोधले तर सापडते का, आणि बिऱ्हाड हलवायची वेळ आली तर सामान बाहेर काढता येते का?

‘ॲप’ हाच शब्द घ्या. तो तीन प्रकारे टाइप होतो. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, २००८ साली आले, साध्या ‘अ’वर दिलेला चंद्र, आणि ‘ए’वर चंद्र असलेले ‘ऍ’. पहिली दोन रूपे पडद्यावर बहुधा हुबेहूब दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगवेगळे शब्द आहेत. एका रूपात लिहिले आणि दुसऱ्या रूपात शोधले, तर उत्तर येते ‘काही सापडले नाही’. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतल्या ऱ्याचेही तेच. कुठे तो ‘ऱ’ला पायमोड देऊन बनतो, कुठे साध्या ‘र’ला पायमोड आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. मोबाइल आणि संगणक यांवर वेगवेगळे कळफलक वापरणाऱ्यांच्या नोंदींत दोन्ही रूपे मिसळलेली असतात आणि डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

दुसरी अडचण आपल्या व्याकरणाची. ‘विहीर’ शोधले तर ‘विहिरीचे पाणी’ सापडत नाही, कारण सामान्यरूपात दीर्घाचा ऱ्हस्व झाला. ‘मूल’ आणि ‘मुलाला’, ‘पाऊस’ आणि ‘पावसाची’ यांचेही तसेच. इंग्रजी शब्दांची रूपे ओळखणारी शोधयंत्रे इथे गप्प बसतात. उपाय साधा आहे. शोधताना शब्दाचा न बदलणारा भागच टाकावा, म्हणजे ‘पाणी’ऐवजी ‘पाण’. त्यात ‘पाणबुडी’ही येईल, येऊ द्यावी. आणि प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर दोन-तीन विषयशब्द सरळ रूपात लिहावेत: विहीर, पाऊस, मूल. हे विषयशब्द हॅशटॅग करून दिले तर आणखी एक खोच आहे. काही साधने टॅग कुठे संपतो हे ठरवताना काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाहीत, मग ‘पाणी’चा टॅग नुसता ‘प’ होतो. तसे दिसले तर हॅशटॅगचा नाद सोडून साधी ओळ लिहावी.

म्हणून नव्या ॲपमध्ये शेकडो नोंदी ओतण्याआधी पाचच कराव्यात. पहिलीत ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲप’ हे शब्द मोबाइलवरून टाइप करावेत, दुसरीत तेच संगणकावरून. तिसरीत ‘विहिरीचे’, चौथीत देवनागरी अंकांत तारीख, पाचवीत मराठी टॅग आणि एक फोटो. मग सगळे शोधून पाहावे. तारीख इंग्रजी अंकांतही शोधावी, कारण पुष्कळ साधने ‘२’ आणि त्याचा इंग्रजी अवतार सारखे मानत नाहीत. त्यानंतर ‘एक्स्पोर्ट’ दाबावे आणि बाहेर आलेली फाइल त्या ॲपशिवाय, साध्या नोटपॅडमध्ये उघडावी. मजकूर वाचता आला, तारखा शाबूत राहिल्या आणि फोटो सोबत आला, तर पुढचा विचार करावा. एवढ्याला अर्धा तास पुरतो.

बाहेर पडण्याचा रस्ता प्रत्येकाचा वेगळा. गूगल कीपमधल्या नोंदी ‘टेकआउट’ या गूगलच्याच डेटा उतरवून देणाऱ्या सोयीतून मिळतात, प्रत्येक नोंदीची एचटीएमएल (वेबपानाची) आणि जेसन (यंत्राने वाचायची) अशी फाइलींची जोडी. नोशन हे नोंदींचे ॲप मार्कडाउन (साध्या खुणांनी सजवलेला साधा मजकूर) देते, पण प्रत्येक फाइलच्या नावाला ३२ अक्षरी सांकेतिक शेपूट लावते. मराठी शीर्षक, त्यात हे शेपूट, त्यात फोल्डरात फोल्डर, अशाने विंडोजवर झिप उलगडताना ‘पाथ फार लांब’, म्हणजे फाइलचा पत्ता फार लांब, अशी तक्रार येते. झिप थेट सी ड्राइव्हवर एकाक्षरी नावाच्या फोल्डरात उलगडली की बहुधा काम होते. हा सगळा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. ब्लॉग वाचायचे गूगल रीडर जुलै २०१३ मध्ये बंद झाले, ऑर्कुट ही सोशल साइट २०१४ मध्ये. एव्हरनोट या नोंदींच्या ॲपने डिसेंबर २०२३ पासून मोफत खात्याला ५० नोंदी आणि एक वही एवढीच मर्यादा घातली.

या दृष्टीने साध्या टेक्स्ट किंवा मार्कडाउन फाइलींचे फोल्डर सर्वांत निर्धोक. त्यावर ऑब्सिडियन हे नोंदींचे ॲप चालवा नाहीतर नोटपॅड++ हे साधे लेखनसाधन, फाइली तुमच्याच राहतात. अक्षरांच्या जुळ्यांचा बंदोबस्तही इथेच करता येतो. फोल्डरची प्रत काढून ठेवावी, मग सगळ्या फाइलींत एकदम शोधा-बदला चालवून अदृश्य जोडचिन्हाचा ऱ्या आणि चंद्र दिलेला ‘अ’ एकेका रूपात आणावा. फाइलींची नावे मात्र आखूड हवीत. अँड्रॉइड आणि लिनक्सवर नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हे. विंडोज बाइट मोजत नाही, त्यामुळे तिथे नीट साठलेली फाइल मोबाइलवर पोहोचतच नाही आणि दोष सिंकला, म्हणजे दोन्हीकडच्या फाइली जुळत्या ठेवणाऱ्या सेवेला, दिला जातो. नावाच्या सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख दिली की फाइली आपोआप ओळीने लागतात. एकाच फोल्डरवर दोन सिंक सेवा लावू नयेत, ‘कॉन्फ्लिक्ट’, म्हणजे एकाच फाइलच्या आपसात न जुळणाऱ्या, प्रतींचे रान माजते. आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडे पुसलेले दुसरीकडेही पुसले जाते.

ब्लॉग लिहिणाऱ्यांनी दुव्याकडे लक्ष द्यावे. ब्लॉगरवर शीर्षक निव्वळ देवनागरीत असेल तर पत्ता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडे असा निरर्थक बनतो. लेख प्रकाशित करण्याआधीच तो ‘पर्मालिंक’ (कायमचा दुवा) या सोयीत रोमन अक्षरांत हाताने द्यावा. वर्डप्रेस देवनागरी पत्ता ठेवते, पण प्रत्येक चिन्हाची टक्क्याच्या खुणा, रोमन अक्षरे आणि अंक अशी ९ चिन्हे करून, आणि जागा आहे २०० चिन्हांची. त्यामुळे साधारण बाविसाव्या चिन्हानंतर पत्त्यातले शीर्षक कापले जाते. व्हॉट्सॲपवर असा दुवा चिकटवला की टक्क्याच्या खुणांची आगगाडी येते ती यामुळेच.

जुने लेखन कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये असेल तर ते खरे मराठी नाहीच, मराठीचा मुखवटा घातलेली रोमन अक्षरे आहेत. फाँट बदलून एरियल करावा. इंग्रजी गिचमिड दिसली तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर. रूपांतरानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे नजरेखालून घालावीत, चुका तिथेच राहतात. ‘ो’ हे एक चिन्ह न राहता काना आणि मात्रा अशी दोन झालेली असतात, काही फाँटमध्ये ती ओळखूही येत नाहीत, आणि मग शोध पुन्हा रिकाम्या हाताने परततो.

उत्पादकतेच्या ॲपबद्दल थोडक्यात: कामांची यादी एकच असावी आणि आठवड्यातून एकदा रिकामी करावी. त्याला खिशातली वहीसुद्धा चालते.

यापुढे आपल्या पुरवणीत एखाद्या ॲपची शिफारस करताना वरच्या पाच नोंदींचा निकाल एका चौकटीत छापावा, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिक