शेपूट थरथरते म्हणून थिरथिरा आजारी नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुमारास खारघर, बेलापूर, घोडबंदर भागात गच्चीच्या कठड्यावर, कुंपणाच्या भिंतीवर चिमणीएवढा एक पक्षी दिसू लागतो. नर काळा, पोट आणि शेपूट विटकरी-नारिंगी. मादी तपकिरी, शेपूट मात्र तसेच विटकरी. बसल्या जागी हे शेपूट सारखे थरथरत असते. थंडीने कापतोय असे समजून कुणी त्याला पकडते, खोक्यात ठेवून तांदूळ घालते. कृपया असे करू नये. हा थिरथिरा, आणि थरथर ही त्याची सवय आहे.

लडाख, तिबेटच्या उघड्या डोंगरांत, साधारण अडीच ते पाच हजार मीटर उंचीवर त्याची वीण होते. (आपले कळसूबाई १,६४६ मीटर.) झाडे जवळपास नसतातच, म्हणून घरटे दगडांच्या फटीत, नाहीतर घराच्या भिंतीतल्या पोकळीत. दगडावर बसून टेहळायचे, जमिनीवर झेप घ्यायची, किडा किंवा कोळी टिपून पुन्हा दगडावर. हिवाळ्यात जमीन गोठली की किडे मिळत नाहीत. भुकेपोटी तो खाली येतो आणि इथेही दगडच शोधतो: पारसिक डोंगराचा उतार, बंद पडलेल्या खाणी, राडारोड्याचे ढीग. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने पडलेल्या लंडनच्या इमारतींतही याच जातीने घरटी केली होती.

चिरक पक्ष्याशी त्याची गल्लत फार होते, छायाचित्रांखालीही चुकीचे नाव छापले जाते. चिरक बारमाही इथलाच. त्याच्या नराच्या खांद्यावर पांढरा पट्टा असतो, शेपूट काळे आणि वर उभारलेले.

काचेवर आपटून पडलेला थिरथिरा मात्र उचलावा. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी कापड घालून, अंधारात तासभर ठेवावा. चोचीत पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तरतरी आली की दिवसाउजेडी तिथेच सोडावा. पंख लोंबत असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

वन विभाग आणि महापालिकेला एक विनंती. फेब्रुवारी-मार्चमध्ये पारसिक, खारघरच्या डोंगरांवर वणवे लागतात, गवताबरोबर किडेही जळतात. परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवण्याचे त्याचे दिवस नेमके तेच. पायवाटा आणि वस्ती यांच्यालगतच्या जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे) जानेवारीअखेर पूर्ण व्हाव्यात, आणि कापलेले गवत तिथेच पेटवू नये.

— एक पक्षिनिरीक्षक, खारघर, नवी मुंबई